'कमजोरी'च्या तक्रारीमागचा आघात

तापीकाठचा

जळगाव, धुळे, नंदुरबार कुठेही जा, पुरुष डॉक्टरसमोर बसला की पहिला शब्द येतो 'कमजोरी'. अहिराणीत 'अंगमा ताकद नई ऱ्हायनी'. आणखी दोन-चार प्रश्न विचारले की कळतं, ताठरता येत नाही, किंवा येऊन ऐन वेळी उतरते, किंवा मुळात इच्छाच होत नाही. मग साखर बघतात, रक्तदाब बघतात, गोळी लिहून देतात. ज्या प्रश्नानं गाठ सुटली असती तो राहून जातो: हे कधीपासून आहे, आणि त्याच्या आधीच्या सहा महिन्यांत काय घडलं होतं? या धाग्यात त्याच प्रश्नाबद्दल नीट, सविस्तर लिहू या.

आधी शब्द स्पष्ट करतो. हप्ता थकला, भाव पडला, भाऊबंदकीत बांधावरून वाद झाला, हा ताण. आघात म्हणजे जीव जाण्याचा, मोठ्या दुखापतीचा किंवा लैंगिक अत्याचाराचा प्रसंग, स्वतःवर आलेला किंवा डोळ्यांदेखत घडलेला. महामार्गावरचा अपघात, विहिरीतून घरच्याच माणसाचं प्रेत काढणं, भावानं फवारणीचं औषध घेतलेलं पाहणं, सैन्यातली चकमक, लहानपणी कुणी अंगाशी केलेली घाण. महिन्याहून जास्त काळ तेच प्रसंग डोळ्यांपुढे येत राहिले, त्या जागा आणि ती माणसं टाळली जाऊ लागली, मन बधिर झालं, झोप उडाली आणि बारीक आवाजानंही दचकायला होऊ लागलं, तर त्याला पीटीएसडी म्हणतात. १९८० मध्ये हे निदान अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत आलं, व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांच्या अनुभवाचा त्यात मोठा वाटा होता.

आता याचा कमरेखालच्या भागाशी काय संबंध? ताठरतेचा हुकूम मणक्याच्या अगदी खालच्या भागातून, एस-२ ते एस-४ या नसांतून जातो आणि ती विश्रांतीची मज्जासंस्था आहे. हुकूम पोचला की लिंगाच्या आत नायट्रिक ऑक्साइड सुटतं, त्यातून सीजीएमपी हे रसायन बनतं, आतले स्नायू सैल पडतात आणि रक्त भरतं. धोक्याच्या वेळी सुटणारं नॉरॲड्रेनलिन तेच स्नायू आवळून धरतं. रात्री केळीच्या बागेत पाणी धरताना पायाशी नाग दिसला तर कुणालाच ताठरता येणार नाही, आणि त्याला कुणी कमजोरी म्हणणार नाही. आघात झालेल्या माणसाच्या शरीरात नाग निघून गेला तरी तो इशारा चालूच राहतो.

याहून अवघड गोष्ट पुढची आहे, आणि ती फार कमी लोकांना माहीत असते. कामोत्तेजनेतही छाती धडधडते, श्वास भराभर चालतो, घाम येतो. घटनेच्या वेळीही शरीरात हेच झालेलं असतं. मेंदूला दोन्हींतला फरक कळत नाही, तो उत्तेजनेलाच धोका समजतो. म्हणून कित्येकांच्या बाबतीत सुरुवात नीट होते आणि जरा रंग चढला की सगळं अचानक थंड पडतं. माणूस मग बायकोचा साधा स्पर्शही टाळू लागतो, कारण स्पर्श पुढे कुठे जाणार हे त्याला ठाऊक असतं.

उलटंही होतं. वीर्यपतनाचा हुकूम धावपळीच्या मज्जासंस्थेकडून येतो, त्यामुळे सतत सावध असलेल्या शरीरात ते फार लवकर होऊ शकतं. मन बधिर झालेल्याला तासभर होत नाही. काही जण तर आतली पोकळी विसरायला दिवसातून अनेकदा हस्तमैथुन, पॉर्न किंवा पैसे देऊन संबंध यांच्या मागे लागतात. ते 'जास्त मर्दानगी'चं लक्षण समजू नये, तो झोपेची गोळी घ्यावी तसा वापर असतो.

गिरणाखोरे

धाग्याचा रोख पटतो. पण मनावर बोट ठेवण्याआधी शरीर तपासलं पाहिजे, यावर मी अडून बसेन. चाळिशीपुढच्या माणसाची ताठरता हळूहळू कमी होत असेल तर ती हृदयविकाराची आगाऊ सूचना असू शकते. लिंगाच्या रक्तवाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांपेक्षा बारीक असतात, म्हणून त्या आधी तुंबतात. छातीत दुखायला लागण्याच्या दोन ते पाच वर्षं आधीच ही तक्रार सुरू होऊ शकते.

पहिल्या भेटीत एवढं करावं: रक्तदाब, कमरेचा घेर, उपाशीपोटी साखर आणि एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), लिपिड म्हणजे रक्तातली चरबी, थायरॉइडसाठी टीएसएच, आणि सकाळी ८ ते १० च्या दरम्यान उपाशीपोटी टेस्टोस्टेरॉन. ते ३०० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली आलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजायचं, एका आकड्यावर इंजेक्शन सुरू करायचं नाही. बाहेरून टेस्टोस्टेरॉन दिलं की शुक्राणू तयार होणं थांबतं. नवीन लग्न झालेल्या पोराला 'ताकदीचं इंजेक्शन' म्हणून ते टोचलं तर मूल होण्यातच अडथळा येतो. आणि झोपेचं विसरू नका. २०११ मध्ये शिकागोत १० निरोगी तरुणांना आठवडाभर रात्री पाचच तास झोपू दिलं, तर त्यांचं दिवसाचं टेस्टोस्टेरॉन १० ते १५ टक्क्यांनी उतरलं. भयस्वप्नांनी रोज दोन वाजता उठणाऱ्याचा अहवाल वाचताना हे लक्षात असावं.

मन की शरीर, हे ओळखायला पहाटेच्या ताठरतेबद्दल विचारतात. निरोगी पुरुषाला झोपेत रात्रीतून तीन ते पाच वेळा ताठरता येते. ती शाबूत असेल, हस्तमैथुनाच्या वेळी ठीक असेल आणि फक्त जोडीदारासोबत जात असेल, तर नसा आणि रक्तवाहिन्या बहुधा चांगल्या आहेत. मात्र स्वप्नाच्या झोपेतच ही ताठरता येते, आणि आघातानं नेमकी तीच झोप मोडते. म्हणून पहाटेची गेली म्हणजे शरीरच बिघडलं, असा निकाल पीटीएसडीच्या माणसाबाबत देऊ नये.

अपघातातून वाचलेल्यांबद्दल वेगळं सांगतो. ओटीपोटाचं हाड मोडलं असेल तर लिंगाकडे जाणाऱ्या नसा आणि धमन्या प्रत्यक्ष तुटलेल्या असू शकतात. डोक्याला जबर मार असेल तर पिट्युटरी ग्रंथी मंदावते, इच्छा जाते, दाढी विरळ होते. धुळ्याच्या चौफुलीवर ट्रकखाली आलेल्या माणसाला 'भीती बसली आहे, जाईल' एवढंच सांगून घरी पाठवणं चूक. त्याला भीतीही बसलेली असेल आणि नसही तुटलेली असेल. दोन्ही शोधा.

शिरपूरकर_नाना

दोघांनाही प्रश्न. लग्नानंतर पहिल्या आठवड्यात जमलं नाही म्हणून येणारी मुलं असतात. त्यांनाही आघातच म्हणायचं का?

तापीकाठचा

नाही नाना, आणि विचारलंत ते बरं केलंत. मे महिन्यात लग्न, घरात चाळीस पाहुणे, दाराबाहेर भावजयांची कुजबुज, एकमेकांना नीट न ओळखणारी दोन माणसं. त्यात नाही जमलं तर ती परीक्षेची भीती आहे. त्या मुलाला माहिती आणि चार दिवसांचा एकांत द्या, बहुतेकांचं सुरळीत होतं. 'धात जाते म्हणून कमजोरी' ही समजूतही वेगळी. डॉ. एन. एन. विग यांनी १९६० मध्ये तिला 'धात सिंड्रोम' हे नाव दिलं. लघवीतून किंवा स्वप्नात वीर्य गेल्यानं ताकद जात नाही, एवढं समजावून आणि चिंतेवर उपचार करून ते आटोक्यात येतं.

आघाताचा संशय कधी घ्यायचा? जवळीक सुरू झाली की माणूस 'तिथे नसतो', नजर शून्यात जाते. एखाद्या वासानं, अंधारानं किंवा अंगावर वजन आल्यानं त्याचं अंग आखडतं किंवा तो ढकलून देतो. संबंधानंतर किळस येते, रडू येतं, तासभर अंघोळ चालते. यातलं काही असेल तर थांबून विचारायचं.

पांझरेची_लेक

विचारायचं कसं, यावर लिहिते, कारण बहुतेक चुका तिथेच होतात.

आपल्याकडे पुरुष एकटा येत नाही. सोबत मोठा भाऊ असतो, कधी सासरेबुवा असतात. त्यांना आदरानं बाहेर बसवायचं. 'तपासणी करायची आहे' एवढं कारण पुरतं. मग दार लावून सांगायचं, की इथलं बोलणं बाहेर जाणार नाही. हा नुसता दिलासा नाही, मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ नं रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. लहान मुलावरच्या अत्याचाराला आणि कुणाच्या जिवाला धोका असल्यास अपवाद आहे, तोही आधीच सांगून टाकावा.

प्रश्न साधा हवा. 'अनेक पुरुषांच्या बाबतीत अशा तक्रारीआधी काही भयानक घडलेलं असतं, म्हणून मी सगळ्यांनाच विचारते. तुमच्या बाबतीत तसं काही?' थोडं थांबून: 'लहानपणी किंवा नंतर तुमच्या मर्जीविरुद्ध कुणी अंगाला हात लावला होता का?' 'अत्याचार' किंवा 'बलात्कार' हे शब्द सुरुवातीला वापरू नयेत, पुष्कळ पुरुष स्वतःच्या बाबतीत ते मान्यच करत नाहीत. 'हो' आलं तर तपशील उकरायचा नाही. 'सांगितलंत ते बरं झालं, यात तुमची चूक नव्हती, पुढचं तुम्हाला वाटेल तेव्हा' इथे थांबायचं. तयारी नसताना सगळं एका बैठकीत बोलायला लावलं की रात्री भयस्वप्नं वाढतात आणि माणूस परत येत नाही.

मुलग्यांवर हे घडत नाही, हा समज पुसायला हवा. महिला व बालविकास मंत्रालयानं २००७ मध्ये १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलामुलींची पाहणी प्रसिद्ध केली. निम्म्याहून जास्त, ५३.२२ टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या स्वरूपाचा लैंगिक अत्याचार सांगितला आणि त्यांत मुलग्यांचं प्रमाण मुलींपेक्षा थोडं अधिकच होतं.

पुरुषांना आतून सर्वांत जास्त जाळणारी गोष्ट वेगळीच असते. त्या वेळी शरीरानं प्रतिसाद दिलेला असतो. ताठरता आली, कधी वीर्यपतनही झालं. 'म्हणजे मला ते हवं होतं का?' हा प्रश्न तो वीस-वीस वर्षं एकटा वाहतो. उत्तर ठाम द्यायचं: स्पर्शानं येणारी ताठरता हा मणक्याच्या पातळीवरचा प्रतिक्षेप आहे. कांदा चिरताना डोळ्यांतून पाणी येतं, म्हणून आपण दुःखी असतो असं नव्हे. भीतीतही हे घडतं. शरीराचा प्रतिसाद म्हणजे संमती नव्हे. हे एक वाक्य समजल्यावर कित्येकांचे खांदे खाली येतात.

दुसरी भीती, 'माझ्यावर पुरुषानं केलं म्हणून मी समलिंगी झालो का?' अत्याचारानं कुणाचा लैंगिक कल ठरत नाही. आणि जो मुळात समलिंगी आहे त्याला 'सुधारणं' हा उपचारच नाही, राष्ट्रीय वैद्यक आयोगानं २०२२ मध्ये तो व्यावसायिक गैरवर्तनात धरला आहे. त्याचा आघात बरा करा, त्याचा कल त्याचा त्याला राहू द्या.

मोजमापासाठी दोन प्रश्नावल्या पुरतात. पीसीएल-५ मध्ये २० प्रश्न आणि ८० गुण असतात, ३१ ते ३३ च्या पुढे पीटीएसडीची शक्यता धरून सविस्तर मुलाखत घ्यायची. आयआयईएफ-५ मध्ये पाच प्रश्न असतात. २२ ते २५ गुण म्हणजे ताठरता ठीक, ७ किंवा त्याखाली म्हणजे तीव्र अडचण. मात्र गेल्या सहा महिन्यांत संबंधाचा प्रयत्नच झाला नसेल तर हा आकडा उगाच खाली येतो. टाळणाऱ्या माणसाचं नेमकं तेच होतं, म्हणून 'प्रयत्न केला होता का' हे आधी विचारा.

वकील_चोपडा

कायद्याचं थोडक्यात. लैंगिक अत्याचारापासून मुलांना संरक्षण देणारा पॉक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे आणि त्यात 'बालक' म्हणजे १८ खालचं कुणीही, मुलगासुद्धा. असा गुन्हा कळल्यावर पोलिसांना न कळवणं हाही गुन्हा आहे, डॉक्टर आणि शिक्षकांनी हे ध्यानात ठेवावं. बाधित मुलावर सरकारी असो की खासगी, प्रत्येक दवाखान्यानं तातडीचे उपचार मोफत द्यायचे आहेत. सज्ञान पुरुषाची स्थिती मात्र वाईट आहे. १ जुलै २०२४ पासूनच्या भारतीय न्याय संहितेत बलात्काराच्या व्याख्येत पीडित म्हणून फक्त स्त्री आहे आणि पुरुषावरच्या बळजबरीलाही लागू होणारं जुन्या दंड संहितेतल्या ३७७ सारखं कलमच उरलेलं नाही. दुखापत, डांबून ठेवणं, धमकी अशा कलमांचाच आधार घ्यावा लागतो. ही उणीव मला गंभीर वाटते.

गिरणाखोरे

वकीलसाहेबांच्या मुद्द्याला वैद्यकीय जोड. पोलिसांत जायचं की नाही हे ठरण्याआधीही दवाखान्यात जाता येतं. ताज्या घटनेत ७२ तासांच्या आत एचआयव्हीप्रतिबंधक औषधं सुरू करावी लागतात आणि ती २८ दिवस घ्यायची असतात. जितकी लवकर तितकी उपयोगी. सोबत हिपॅटायटिस-बी ची लस आणि गुप्तरोगांची तपासणी. लाजेपायी चौथा दिवस उजाडला तर ही संधी गेली.

औषधपेढी_अमळनेर

गोळ्यांबद्दल, कारण काउंटरवर सर्वांत जास्त गोंधळ याच बाबतीत होतो.

सिल्डेनाफिल आणि टॅडालाफिल या गोळ्या इच्छा निर्माण करत नाहीत. वर तापीकाठच्यांनी सांगितलेलं सीजीएमपी लवकर मोडू नये एवढंच त्या बघतात. मुळात मेंदूतून हुकूमच सुटला नाही तर जपायला सीजीएमपी नसतं. आघाताच्या माणसाला 'गोळीही लागू पडली नाही' असं वाटतं आणि तो आणखी खचतो. त्याचं मुख्य कारण हेच.

सिल्डेनाफिल सहसा ५० मिलिग्रॅमपासून, संबंधाच्या साधारण एक तास आधी. पोट हलकं हवं. तेलात न्हालेलं भरीत, पुऱ्या आणि वर मांडे खाऊन गोळी घेतली तर असर तासभर लांबतो. टॅडालाफिलचा असर ३६ तासांपर्यंत राहतो, ते जेवणावर अवलंबून नसतं, आणि ५ मिलिग्रॅम रोज असंही देता येतं. आघाताच्या माणसाला हे रोजचं जास्त सोयीचं पडतं, कारण 'गोळी घेतली, आता झालंच पाहिजे' हे घड्याळ डोक्यात सुरू होत नाही.

छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची आयसोसॉर्बाइड डायनायट्रेट किंवा नायट्रोग्लिसरिन चालू असेल तर या दोन्ही गोळ्या सक्त मना. रक्तदाब कोसळून जीव जातो. सिल्डेनाफिल घेतलेल्याला २४ तास आणि टॅडालाफिल घेतलेल्याला ४८ तास नायट्रेट देता येत नाही. म्हणून छातीत कळ येऊन दवाखान्यात गेलात तर ही गोळी घेतल्याचं लाज न बाळगता पहिल्या वाक्यात सांगा. भयस्वप्नांसाठी प्राझोसिन दिलं असेल तर तेही रक्तदाब उतरवतं. त्याचा डोस आधी स्थिर करून मगच सिल्डेनाफिल २५ पासून सुरू करतात. चार तासांहून जास्त ताठरता टिकली तर थेट कॅज्युअल्टी गाठायची. झोपेसाठीच्या ट्रॅझोडोननंही हे क्वचित होतं.

पीटीएसडीसाठी सर्ट्रालिन किंवा पॅरॉक्सेटिन देतात. मन सावरतं, पण इच्छा कमी होणं आणि वीर्यपतनाला फार वेळ लागणं हे त्यांचे नेहमीचे दुष्परिणाम आहेत, पॅरॉक्सेटिनचे सर्वांत जास्त. हे आधी सांगितलं नाही तर रुग्ण महिन्याभरात गोळी गुपचूप बंद करतो. अचानक बंद केल्यावर चक्कर, चिडचिड, विजेचा झटका बसल्यासारखं होणं सुरू होतं आणि जुनी भीतीही उसळते. डॉक्टरांना सांगितलं तर डोस कमी करणं, बदलून मिर्टाझापिनसारखं औषध देणं किंवा सोबत टॅडालाफिल देणं असे मार्ग असतात. अल्प्राझोलम, क्लोनाझेपाम यांनी त्या रात्री बरं वाटतं, पण पीटीएसडी बरा होत नाही आणि सवय लागते.

बाजारात तंबू ठोकून विकतात त्या पुड्यांबद्दल मी स्पष्ट बोलतो. 'वनस्पती' म्हणून विकलेल्या मालात सिल्डेनाफिल मिसळलेलं सापडतं, तेही न मोजलेलं, आणि भस्मांत शिसं, पारा असू शकतो. अशा जाहिरातींना १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे. हृदयरोगी माणूस 'जडीबुटी आहे' म्हणून निर्धास्त घेतो, त्याला नायट्रेटही चालू असतं. यातून काय होईल ते वर लिहिलंच आहे.

भुसावळ_लाइन

लोको पायलटबद्दल कुणी लिहील का? इंजिनासमोर माणूस येतो, हॉर्न वाजवूनही ब्रेक लागून गाडी थांबायला शेकडो मीटर जातात. चालकाला सगळं दिसतं आणि करता काहीच येत नाही.

तापीकाठचा

हे आघाताचं अगदी शुद्ध उदाहरण: डोळ्यांसमोर मृत्यू आणि हात बांधलेले. घटनेनंतर पहिल्या महिन्यात झोप, दचकणं, इच्छा नसणं हे होणारच. त्या महिन्यात त्याला जबरदस्तीनं 'सगळं बोलून टाक' म्हणू नये, एकाच बैठकीत सगळं वदवून घेण्याची पद्धत उपयोगी ठरलेली नाही. झोप, जेवण, घरची माणसं आणि दारू टाळणं, एवढं सांभाळायचं. महिन्यानंतरही उतरलं नाही तर उपचार. रात्रपाळी त्यात भर घालते, म्हणून झोपेचा हिशेब रोजच्या तासांवर न करता आठवड्याच्या एकूण तासांवर करा.

दारूचं मुद्दाम सांगतो. दोन पेग घेतल्यावर झोप लागते पण स्वप्नाची झोप मोडते, मेंदूचा ताठरतेचा हुकूम मंदावतो आणि पुढे वर्षानुवर्षं घेतली तर नसा आणि यकृत दोन्ही जातात. गुटखा, तंबाखू, बिडीतलं निकोटिन त्याच बारीक धमन्या आवळतं.

पांझरेची_लेक

उपचाराच्या क्रमाबद्दल. आघातावर केंद्रित उपचारांना पुरावा चांगला आहे: घटनेबद्दलचे चुकीचे विचार तपासणाऱ्या कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग थेरपीच्या साधारण १२ बैठका, टाळलेल्या आठवणींना हळूहळू सामोरं नेणाऱ्या प्रोलाँग्ड एक्स्पोजरच्या ८ ते १५, किंवा डोळ्यांच्या हालचालींसोबत आठवण हाताळणारी ईएमडीआर. पण आठवणी शांत झाल्या म्हणजे शय्येवरचं आपोआप सुधारतं असं नाही. टाळण्याची सवय शरीरात वेगळी बसलेली असते. म्हणून दोन्ही कामं करावी लागतात, आणि भयस्वप्नं आणि डोळ्यांपुढे अचानक येणारे प्रसंग थोडे आवरल्यावरच दुसरं सुरू करायचं.

दुसरं काम म्हणजे स्पर्शाचे टप्पे. मास्टर्स आणि जॉन्सन यांनी १९७० च्या सुमारास मांडलेली ही पद्धत आजही वापरतात. पहिला नियम, संभोग बंद. डॉक्टरांनीच मनाई केली आहे म्हटल्यावर परीक्षाच रद्द होते आणि इथूनच बरेच जण सुधारू लागतात. पहिले दोन-तीन आठवडे, आठवड्यातून दोन-तीनदा, २० ते ३० मिनिटं, हात, पाठ, केस, पाय, आळीपाळीनं. छाती आणि जननेंद्रियं वगळून. लक्ष फक्त ऊब, मऊपणा, दाब यांवर. ताठरता आली तरी काही करायचं नाही, नाही आली तरी काही बोलायचं नाही. दुसऱ्या टप्प्यात सर्व शरीर, पण वीर्यपतन हे उद्दिष्ट नाही. इथे मुद्दाम ताठरता उतरू द्यायची आणि पुन्हा येऊ द्यायची. 'गेली की संपलं' ही भीती घालवायला याच्याइतकं दुसरं काही नाही. तिसऱ्यात प्रवेश, पण हालचाल न करता. मग हालचाल.

आघात असल्यास मी त्यात हे बदल सांगते. दिवा मंद चालू ठेवा. समोरच्याचा चेहरा दिसेल आणि आपले हात मोकळे राहतील अशी स्थिती निवडा, अंगावर वजन नको. त्या घटनेशी जोडलेला वास, अत्तर, तंबाखू, डिझेल, जो काही असेल तो खोलीत नको. एक थांबण्याचा शब्द ठरवा. अगदी साधा, 'पाणी' म्हटलं तरी चालेल. तो शब्द आला की लगेच थांबायचं, 'का' विचारायचं नाही. नजर शून्यात जातेय असं दिसलं की पाय जमिनीला टेकवून बसायचं, दिसणाऱ्या पाच वस्तू मोठ्यानं म्हणायच्या, चार गोष्टींना हात लावायचा, तीन आवाज ऐकायचे. आजचा वार, जळगावातलं आपलं घर, समोर बायको, हे मेंदूला पुन्हा कळलं पाहिजे.

सर्वांत नेहमीची चूक म्हणजे पहिल्या टप्प्यात पाचव्या दिवशी ताठरता आली म्हणून 'आज करूनच टाकू'. फसलं की महिन्याची कमाई जाते.

सातपुडा_पायथा

ताई, पद्धत उत्तम, पण एका खोलीत आठ माणसं झोपतात तिथे? धडगाव, अक्कलकुवा सोडाच, तालुक्याच्या गावातही उन्हाळ्यात सगळं घर गच्चीवर झोपतं.

पांझरेची_लेक

खरं आहे. तिथे वेळ बदलायची. दुपारी घर शेतावर गेलेलं असतं, तो अर्धा तास मिळतो. सासूबाईंना 'डॉक्टरांनी दोघांना सोबत तेल लावून पाठीचा व्यायाम सांगितलाय' हे सांगता येतं आणि ते खोटंही नसतं. तेही नसेल तर पहिला टप्पा कपड्यांवरून, हातपाय आणि डोक्याची मालिश एवढाच ठेवा. त्याचाही उपयोग होतो.

बायकोलाही पहिल्याच भेटीत समजावून द्यावं. न सांगितल्यास ती दोनच अर्थ काढते, 'बाहेर कुणीतरी आहे' किंवा 'मी आवडत नाही'. तिनं काय बोलू नये तेही सांगा: 'झालं का?', 'आज तरी?' आणि दिलासा म्हणून सारखं 'काही हरकत नाही'. मूल कधी, हा घरच्यांचा प्रश्न काही महिने थोपवणं तिच्याच हातात असतं.

फिजिओ_खान्देश

शरीराचं एक राहिलं. घाबरलेला माणूस जसे खांदे आवळतो, तसेच ओटीपोटाच्या तळाचे स्नायूही आवळून धरतो, वर्षानुवर्षं. त्यातून वीर्यपतनाला दुखणं, गुदद्वाराजवळ बोचणं, लघवी थांबून थांबून येणं आणि लवकर वीर्यपतन. लघवीच्या तपासणीत जंतू सापडत नाहीत तरी प्रतिजैविकांचे कोर्स चालू राहतात. अशांना मोबाइलवर बघून केगेल, म्हणजे हेच स्नायू आवळण्याचे व्यायाम करायला लावले तर आवळलेला स्नायू आणखी आवळतो. त्यांना उलटं हवं. उताणे झोपा, गुडघे वर, एक हात पोटावर. चार सेकंद श्वास आत घेताना पोट वर आणि लघवी सुरू होताना जसं सैल सोडतो तसं खाली सोडायचं, सहा सेकंदांत श्वास बाहेर. जोर लावायचा नाही, कुंथायचं नाही. दहा मिनिटं, दिवसातून दोनदा, सहा ते आठ आठवडे. केगेल लागले तर त्यानंतर.

शिरपूरकर_नाना

आता शेवटचं विचारतो. हे सगळं मिळणार कुठे? पुणे-मुंबईला जायला सगळ्यांना जमत नाही.

गिरणाखोरे

जळगाव, धुळे आणि नंदुरबार तिन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तिथल्या मानसोपचार विभागापासून सुरुवात करा. ओपीडीच्या चिठ्ठीवर 'मानसिक' लिहिलेलं गावात दिसेल ही भीती असेल तर आधी टेली-मानसला फोन लावा, १४४१६ किंवा १८००-८९१-४४१६. ही केंद्र सरकारची सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून चोवीस तास आणि मोफत आहे, मराठीत बोलता येतं, नाव सांगण्याची सक्ती नाही. लहान मुलाबद्दल असेल तर १०९८.

पहिल्या भेटीला जाताना कागदावर चार ओळी लिहून न्या: तक्रार कधीपासून, पहाटेची ताठरता असते का, चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पुड्यांसकट, आणि 'त्याआधी एक घटना घडली होती' एवढंच. घटना कोणती ते लिहू नका, हवं तर. ओळ वाचल्यावर डॉक्टर पुढचं विचारतील.

सातपुडा_पायथा

आणखी एक, कारण आपल्या भागात हे टाळून चालणार नाही. लाज, कर्ज आणि 'मी नवरा म्हणून कामाचा नाही' हे तिन्ही एकत्र आलं की जीव द्यायचा विचार येतो. थेट विचारा, 'जगून काय करायचं असं वाटतं का?' विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर 'हो' असेल तर त्या रात्री त्याला एकटं सोडू नका आणि फवारणीच्या औषधाचे डबे शेजाऱ्याच्या घरी कुलपात हलवा. गोठ्यात लपवून ठेवलेले त्याला सापडतात.

तापीकाठचा

सातपुडा भाऊंची सूचना धाग्याच्या वरच्या पोस्टमध्ये घालतोय, १४४१६ या नंबरासोबत. फिजिओताई, उलट्या व्यायामाच्या वेळी पोट की छाती हलतेय हे घरच्या घरी कसं ओळखायचं, तेवढं लिहाल का?

फिजिओ_खान्देश

पोटावर पाव किलो डाळीची पिशवी ठेवा. श्वास आत घेताना पिशवी वर आली पाहिजे आणि छातीवरचा हात जवळजवळ स्थिर राहिला पाहिजे. पिशवी हलत नसेल तर कुशीवर वळून, गुडघे पोटाशी घेऊन करा, तसं लवकर जमतं.